निर्णय एकाचा, परिणाम दुसऱ्यावर

स्वित्झर्लंडमधील आपेन्झेल इन्नररोडन या लहानशा कँटनमध्ये, म्हणजे घटकराज्यात, दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मतदार चौकात जमतात आणि हात वर करून कायदे संमत करतात. तेथे मतपत्रिका नसते आणि यंत्रही नसते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दिलेले ते उघड मत असते. मताधिकाराची खूण म्हणून पुरुषांनी घराण्यातली तलवार किंवा खंजीर कमरेला लावून येण्याची प्रथा आजही टिकून आहे. प्रत्यक्ष लोकशाहीचे चाहते या चौकाचे नाव आदराने घेतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र एप्रिल १९९० मध्ये याच चौकात जमलेल्या पुरुषांनी कँटनच्या कारभारात स्त्रियांना मत देण्याचा प्रस्ताव पुन्हा एकदा फेटाळून लावला. देशपातळीवर स्त्रियांना मताधिकार मिळून तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती; तोही १९५९ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी नकार दिल्यावर, १९७१ च्या दुसऱ्या सार्वमतात मिळालेला. अखेर नोव्हेंबर १९९० मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कँटनच्या घटनेचा अर्थ स्त्रियांना सामावून घेणारा लावला आणि पुढच्या वर्षीपासून त्या चौकात स्त्रियांचेही हात वर होऊ लागले.

लोकशाही आणि मानवी हक्क यांचे नाते काय, या प्रश्नाशी मी जेव्हा जेव्हा येते तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा हे उदाहरण मला अधिक उपयोगी वाटते, कारण त्यात लोकशाहीचा एकही बाह्य नियम मोडलेला नव्हता. सभा रीतसर भरली होती, मतदान खुले होते, बहुमत स्पष्ट होते. तरीही न्यायालयाने लोकांची इच्छा बाजूला सारली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'लोक' म्हणजे कोण, हेच जेथे वादाचे मूळ आहे तेथे त्याचा निवाडा आधीच आत असलेल्या लोकांच्या बहुमताने कसा व्हावा? राज्यशास्त्रात याला सीमेचा प्रश्न म्हणतात. मतदारसंघाची सीमा मतदानाने ठरवायची तर त्या मतदानाचा मतदारसंघ कोणी ठरवायचा, असा हा पेच आहे आणि तो केवळ पद्धतीच्या आधारे सुटत नाही. तो सोडवायला पद्धतीच्या मागे असलेले काहीतरी लागते: माणसांना आपल्या आयुष्यावर चालणाऱ्या सत्तेत समान वाटा असावा, हे तत्त्व. लोकशाहीला मान मिळतो तो याच तत्त्वामुळे, आणि मानवी हक्कही त्याच तत्त्वातून निघतात. म्हणून हक्क हे लोकशाहीला बाहेरून घातलेले कुंपण आहे, हे नेहमीचे वर्णन मला अपुरे वाटते.

स्त्रीवादी तत्त्वज्ञानाने या विषयात घातलेली सर्वांत मोलाची भर कोणती, असे कोणी विचारले तर मी सांगेन की सत्ता कोठे कोठे राहते याचा शोध तिने राजवाडा आणि संसद यांच्या पलीकडे नेला. सतराव्या शतकापासूनच्या सामाजिक कराराच्या सिद्धान्तांत स्वतंत्र आणि समान व्यक्ती एकत्र येऊन राज्य निर्माण करतात. राजकीय विचारवंत कॅरल पेटमन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की या कराराला एक न सांगितलेला जोडकरार आहे. पुरुष एकमेकांशी समान म्हणून करार करतात आणि त्याच वेळी स्त्रियांवरील त्यांचा अधिकार 'खाजगी' ठरवून चर्चेबाहेर ठेवतात. पुढच्याच वर्षी सुसान मोलर ओकिन यांनी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या १९७१ मधल्या न्यायसिद्धान्तावर असेच बोट ठेवले. न्यायाची तत्त्वे निवडताना स्वतःचे सामाजिक स्थान कोणालाच ठाऊक नसावे, ही रॉल्स यांची कल्पना ओकिन यांना मान्य होती, किंबहुना अतिशय प्रिय होती. त्यांची हरकत एवढीच होती की निवड करणाऱ्यांना कुटुंबप्रमुख मानल्यामुळे कुटुंबाच्या आतली वाटणी, म्हणजे काम कोणाचे, पैसा कोणाच्या हाती आणि निर्णय कोणाचा, ही न्यायाच्या तराजूवर चढतच नव्हती. ज्या ठिकाणी मूल न्याय-अन्यायाचे पहिले धडे घेते तीच जागा न्यायाच्या सिद्धान्ताने मोकळी सोडली होती.

जाहीरनाम्यांच्या इतिहासातही घराचा हा उंबरठा पदोपदी आडवा येतो. १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला आणि आठ देश तटस्थ राहिले. त्यातल्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' असे शब्द हवेत, ही भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांची भूमिका मराठी वाचकांना बहुधा माहीत असते, त्यामुळे तिच्या तपशिलात येथे जात नाही. मला सोळावे कलम अधिक लक्षणीय वाटते. विवाह करताना, वैवाहिक जीवनात आणि विवाहविच्छेदाच्या वेळी स्त्री-पुरुषांचे हक्क समान असतील, असे ते सांगते. तटस्थ राहिलेल्या सौदी अरेबियाच्या हरकतींत या कलमाचा समावेश होता. तीन दशकांनी, डिसेंबर १९७९ मध्ये, स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्यासाठीचा करार संमत झाला आणि त्यालाही विवाह व कुटुंबाविषयीचे कलम सोळावेच पडले. आज १८० हून अधिक देश या करारात सामील आहेत. पण कित्येक देशांनी 'अमुक कलम आम्हाला बंधनकारक नाही' अशा अटी नोंदवूनच त्यावर सही केली आणि अशा अटींचा मोठा भार कलम दोन व कलम सोळा यांवर पडला. राज्ये समानतेला हो म्हणाली, फक्त घराच्या दारापर्यंत. घरातील मारहाण ही मानवी हक्कांची बाब आहे हे आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर निःसंदिग्धपणे मांडले जायला १९९३ ची व्हिएन्ना परिषद आणि त्याच वर्षीचा स्त्रियांवरील हिंसाचाराविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा जाहीरनामा उजाडावा लागला. तोपर्यंत हक्कभंग म्हणजे राज्याने केलेला भंग, ही व्याख्या इतकी घट्ट बसली होती की नवरा हा हक्कभंग करणारा असू शकतो हे कायदेपंडितांना पटवून देण्यातच एका पिढीची शक्ती खर्ची पडली.

आता येथे एक पाऊल पुढे टाकायचे आहे आणि या लेखाचा सारा भार त्या पावलावर आहे. घराचा उंबरठा आणि राष्ट्राची सीमा या दोन रेषा न्यायाच्या विचारात सारखेच काम करतात, असे मला वाटते. दोन्ही रेषा सत्तेच्या खऱ्याखुऱ्या संबंधांवर 'हा आमचा अंतर्गत मामला' अशी पाटी लावतात. एकीकडे कुटुंबप्रमुख सर्वांच्या वतीने बोलतो आणि दुसरीकडे सरकार; आतल्यांना आणि बाहेरच्यांना या प्रतिनिधित्वाबद्दल काय वाटते हे विचारण्याची सोय नसते. म्हणून ज्यांनी उंबरठ्याविषयी प्रश्न विचारले त्याच परंपरेतून सीमेविषयीचे सर्वांत धारदार प्रश्न यावेत, हा योगायोग नव्हे.

रॉल्स यांनी १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराचा विचार मांडला तेव्हा त्यात व्यक्तींऐवजी 'जनसमूह' एकमेकांशी करार करतात. गरीब समाजांना हात देण्याचे कर्तव्य त्यात आहे, मात्र ते कर्तव्य एका मर्यादेपर्यंतच आहे. समाज स्वतःच्या पायांवर उभा राहिला की ते संपते. तत्त्वज्ञ थॉमस पोगे यांनी यावर दिलेले उत्तर सुपरिचित आहे: व्यापार, कर्ज आणि खनिजसंपत्तीचे नियम श्रीमंत देश ठरवतात आणि ते नियम गरिबांचे नुकसान करतात, म्हणून प्रश्न मदत न करण्याचा राहत नाही, तो इजा करण्याचा होतो. हे उत्तर मला पटते, पण त्यात एक उणीव जाणवते. पोगे यांच्या मांडणीत गरीब माणूस बहुतेक वेळा नुकसान सोसणारा म्हणून येतो, बोलणारा म्हणून क्वचितच.

स्त्रीवादी राजकीय विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांनी वेगळी दिशा घेतली. यंग २००६ मध्ये गेल्या आणि जबाबदारीविषयीचे त्यांचे लेखन २०११ मध्ये पुस्तकरूपाने आले. परक्या देशात शिवलेला सदरा अंगावर घालणारा माणूस त्या कारखान्यातल्या अन्यायाला जबाबदार आहे काय, या साध्या प्रश्नावर त्यांनी बराच विचार केला. दोषी ठरवण्याची आपली नेहमीची रीत येथे लागू पडत नाही, कारण सदरा विकत घेणाऱ्याने कायदा मोडलेला नसतो आणि दुकानदारानेही नसतो. कारखानदारही बऱ्याचदा दोन ठेकेदारांच्या मधल्या चेपणात सापडलेला असतो. म्हणून यंग दोष आणि जबाबदारी यांची फारकत करतात. आपल्या रोजच्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या व्यवहारांतून जी रचना उभी राहते ती जर कोणाला सतत चिरडत असेल तर त्या रचनेत भाग घेणाऱ्या प्रत्येकावर ती इतरांच्या सोबतीने बदलण्याची जबाबदारी येते. कोणावर किती, याचे मोजमाप यंग चार गोष्टींवरून करतात: रचना बदलण्याची ताकद, तिच्यातून मिळणारा लाभ, बदलात असलेला स्वतःचा हितसंबंध आणि संघटितपणे काही करण्याची क्षमता. यातला तिसरा निकष वाचताना पुष्कळ जण अडखळतात, कारण त्यानुसार अन्याय सोसणाऱ्या कामगारावरही जबाबदारी येते. बळी पडलेल्यावरच आणखी ओझे कशाला, असे प्रथमदर्शनी वाटते खरे. पण यंग यांचा रोख वेगळा आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते; त्यामुळे बदल कसा असावा हे ठरवण्यात त्याचा शब्द नसेल तर बाकीच्यांची सहृदयता भलत्याच दिशेला जाण्याची शक्यता मोठी असते.

२४ एप्रिल २०१३ च्या सकाळी बांगलादेशातील सावर येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले नाही. वरच्या मजल्यांवरील शिवण कारखान्यांच्या कामगारांना मात्र बोलावण्यात आले. इमारत तीच होती आणि तडेही तेच होते. फरक एवढाच होता की बँकेच्या कर्मचाऱ्याला धोक्याच्या इमारतीत पाऊल टाकावे लागले नाही आणि शिवण कामगार स्त्रीला नकार देण्याची सोय नव्हती, कारण महिन्याचा पगार हातात पडायचा होता. ही दुर्घटना बांधकामाचे नियम, भ्रष्टाचार आणि स्वस्त कपड्यांची भूक या तिन्ही अंगांनी सांगता येते आणि ती तशी सांगितली जातेही. मला मात्र तिच्यात लोकशाहीचा अभाव सर्वांत ठळक दिसतो, आणि येथे लोकशाही म्हणजे पाच वर्षांतून एकदा होणारे मतदान नव्हे. त्या स्त्रियांना संसदेसाठी मत होते. ज्या तासाला त्यांच्या जिवाचा निर्णय होत होता त्या तासाला त्यांना मत नव्हते.

त्यानंतर महिन्याभरातच कामगार संघटना आणि जागतिक कपडे कंपन्या यांच्यात आग व इमारत सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला. आधीची सामाजिक तपासणीची पद्धत कंपन्यांनी स्वेच्छेने पत्करलेली होती. या करारात कारभाराच्या समितीवर संघटनांचे आणि कंपन्यांचे प्रतिनिधी समसमान होते, तपासणीचे अहवाल जाहीर व्हायचे होते आणि धोकादायक इमारतीत काम नाकारण्याचा कामगाराचा हक्क लेखी मान्य झाला होता. हा करार परिपूर्ण होता असे मी म्हणणार नाही. निर्यातीचा माल न शिवणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. पण दया आणि वाटा यांतला फरक पाहायचा असेल तर तो या कराराच्या रचनेत दिसतो.

वाटा नसला की काय होते हे पाहायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे वळावे. त्याचे सुमारे १९० सदस्य देश आहेत आणि मतांचे वजन मुख्यतः देशाच्या आर्थिक आकारावरून ठरते. महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. म्हणजे असा कोणताही निर्णय अमेरिकेच्या संमतीवाचून होऊ शकत नाही. १९८० च्या दशकात नाणेनिधीच्या कर्जासोबत कर्जबाजारी देशांवर काटकसरीच्या अटी लादल्या गेल्या तेव्हा सरकारी खर्चात कपात झाली आणि कागदोपत्री कार्यक्षमता वाढली. डायन एल्सन यांच्यासारख्या स्त्रीवादी अर्थतज्ज्ञांनी विचारले की हा वाचलेला खर्च गेला कोठे? रुग्णालयाने रुग्णाला लवकर घरी पाठवले तर रुग्णालयाचा खर्च कमी होतो, पण रुग्ण काही त्यामुळे लवकर बरा होत नाही; त्याची शुश्रूषा घरी कोणीतरी बिनपगारी करते, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा स्त्री असते. खर्च नाहीसा झाला नव्हता. तो हिशेबाच्या वहीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसला होता. सीमा आणि उंबरठा या दोन्ही रेषा येथे एकाच निर्णयात ओलांडल्या गेल्या आणि दोन्हींच्या पलीकडे असलेल्या बाईला कोणीही काही विचारले नव्हते.

कॅरल गूल्ड या अमेरिकी तत्त्वज्ञ स्त्रीने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये या प्रश्नाची जी मांडणी केली ती मला सर्वांत कामाची वाटते. त्यांच्या मते माणसाचे स्वातंत्र्य म्हणजे केवळ अडथळ्यांचा अभाव नव्हे. आपले आयुष्य घडवण्यासाठी लागणारी साधने आणि इतरांचे सहकार्य यांशिवाय ते पोकळ राहते. मानवी हक्क म्हणजे या परिस्थितीवरचा प्रत्येकाचा दावा, त्यामुळे उपजीविकेचा हक्क आणि भाषणस्वातंत्र्य यांत त्या थोरला-धाकटा असा भेद करत नाहीत. येथून लोकशाहीकडे दोन वाटा जातात. जे लोक एखादा सामाईक उद्योग मिळून चालवतात, मग तो देश असो, कारखाना असो वा कुटुंब असो, त्या सर्वांना तो कसा चालावा हे ठरवण्याचा समान हक्क आहे. आणि ज्यांचा त्या उद्योगात सहभाग नाही, पण ज्यांच्या मूलभूत मानवी हक्कांवर त्या निर्णयांचा ठळक परिणाम होतो, त्यांचे म्हणणे निर्णयात भरीवपणे ऐकले जायला हवे.

दुसऱ्या वाटेची गरज का पडते, हे थोडे उलगडून सांगायला हवे. 'ज्या ज्या माणसावर परिणाम होतो त्या प्रत्येकाला मत' हे तत्त्व ऐकायला फार गोड आहे, पण ते शब्दशः घेतले तर कोणत्याही गावाच्या निर्णयात सगळ्या जगाला मत द्यावे लागेल, कारण आजच्या जगात कशाचा परिणाम कोणावर होत नाही? अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनीही आधी या तत्त्वाची बाजू घेतली होती. पुढे त्यांनी ते बदलून 'जे त्या शासनव्यवस्थेच्या अमलाखाली येतात ते' असा निकष पुढे आणला आणि अमलाखाली येण्याचा अर्थ नागरिकत्वापेक्षा व्यापक ठेवला, म्हणजे कर्जाच्या अटींनी बांधलेले लोकही त्यात यावेत. गूल्ड यांनी परिणामाचे तत्त्व सोडले नाही, त्याला मानवी हक्कांची चाळणी लावली. मला या दोघींतला वाद शाळेतल्या वादविवादासारखा जिंकायचा-हरायचा वाटत नाही. आपेन्झेलच्या स्त्रियांसाठी फ्रेझर यांचा निकष पुरेसा आहे, कारण त्या त्याच कायद्यांखाली जगत होत्या. समुद्राची पातळी वाढल्यामुळे ज्यांची जमीन खारी होते त्या लोकांसाठी गूल्ड यांचाच निकष लागतो, कारण धूर सोडणाऱ्या देशाचा कोणताही कायदा त्यांच्यावर चालत नसतो.

या टप्प्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही: लोकशाही आणि स्त्रियांचे हक्क यांच्या नावाने बलाढ्य देश दुसऱ्यांच्या घरात शिरतात. शिरतात, हे खरेच आहे. चंद्रा तळपदे मोहंती यांनी १९८४ मध्ये पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनातील 'तिसऱ्या जगातील स्त्री' या सरसकट प्रतिमेची चिकित्सा केली. गरीब, अशिक्षित, परंपरेने जखडलेली आणि स्वतःचे काही म्हणणे नसलेली अशी ती प्रतिमा होती. उमा नारायण यांनी १९९७ मध्ये एक बोचरी तुलना मांडली. भारतातले हुंडाबळी हे 'संस्कृतीने घेतलेले बळी' म्हणून जगभर ओळखले जातात, पण अमेरिकेत नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मरणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूचे खापर कोणी अमेरिकी संस्कृतीवर फोडत नाही. तेथे तो गुन्हा असतो, संस्कृती फक्त इतरांना असते. ही टीका मान्य केली म्हणून संस्कृतीच्या रखवालदारांना मोकळीक मिळते, असे मात्र नाही. संस्कृतीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न शिल्लक राहतोच. बहुसांस्कृतिकता स्त्रियांसाठी वाईट आहे काय, असे विचारणाऱ्या ओकिन यांच्या १९९७ मधील निबंधावर बरीच धूळ उडाली आणि त्यातली काही सरसकट विधाने मलाही खटकतात, पण त्यातली एक सूचना फारशी चर्चिली गेली नाही. समूहाच्या हक्कांविषयी वाटाघाटी होतात तेव्हा स्त्रियांना, त्यातही तरुण स्त्रियांना पूर्ण प्रतिनिधित्व हवे, असे त्या म्हणतात. वयस्क स्त्रिया अनेकदा जुन्या व्यवस्थेच्या राखणदार झालेल्या असतात. बाहेरच्या तारणहाराला आणि आतल्या रखवालदाराला एकच प्रश्न विचारता येतो: जिच्याविषयी तुम्ही बोलता आहात ती या बैठकीत आहे काय?

बैठकीत येण्यासाठी वेळ लागतो आणि वेळेची वाटणी हा लोकशाहीच्या सिद्धान्तातला दुर्लक्षित भाग आहे. राजकीय विचारवंत जोन ट्रॉन्टो यांनी २०१३ मध्ये लिहिले की काळजीची, देखभालीची कामे कोणी करायची हेच लोकशाहीपुढचे मध्यवर्ती राजकीय काम मानावे. काही जणांना या कामांतून जणू सूट मिळालेली असते. मी कमावतो, मी संरक्षण करतो, म्हणून मुलांचे आणि आजाऱ्यांचे तुम्ही बघा. ही सूट एका देशात मिळते आणि तिचा भार कधी कधी तिसऱ्याच देशात उतरतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी २००० मध्ये या साखळीचे वर्णन केले. श्रीमंत देशातल्या घरी मूल सांभाळायला गरीब देशातली आई येते; तिची स्वतःची मुले सांभाळायला तिच्या देशात आणखी गरीब बाई पगारावर ठेवली जाते; आणि त्या बाईच्या घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला तिची थोरली मुलगी असते, जिला पगार कोणीच देत नाही. साखळीच्या प्रत्येक कडीवर पैसा कमी होत जातो आणि शेवटच्या कडीवर तो संपतो, काम मात्र तेवढेच राहते.

या साखळीतल्या स्त्रियांनी स्वतः जे मिळवले त्याबद्दल तत्त्वज्ञानाच्या वर्गात फारसे बोलले जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. १६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेने घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ संमत केला: बाजूने ३९६, विरोधात १६, तटस्थ ६३. या संघटनेच्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात, दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा, आणि प्रत्येकाचे मत स्वतंत्र मोजले जाते. देश एकाच तोंडाने बोलतो ही समजूत या व्यवस्थेने १९१९ पासूनच बाजूला ठेवली आहे. घरकामगार स्त्रियांच्या संघटना त्या चर्चेसाठी जिनिव्हात हजर होत्या, आणि कराराच्या मजकुराकडे पाहिले की अनुभव कोणाचा आहे हे लपत नाही. आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी हवी. सुट्टीच्या वेळात त्याच घरात थांबण्याची सक्ती नको. कामाच्या घरी राहायचे की नाही हे मालकिणीशी बोलून ठरवण्याचे स्वातंत्र्य हवे. पासपोर्ट आणि ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क हवा. ग्रंथालयात बसून हक्कांची यादी करणाऱ्या विद्वानाला पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे हा न्यायाचा प्रश्न आहे असे सुचले असते काय, याची मला शंका आहे. आणि कलम सतरा तर थेट उंबरठ्यावरच येऊन उभे राहते: कामाच्या तपासणीसाठी अधिकाऱ्याला घरात प्रवेश कोणत्या परिस्थितीत देता येईल हे देशाने आपल्या कायद्यांशी सुसंगत राहून स्पष्ट करावे, आणि ते करताना घरच्यांच्या खाजगीपणाचा योग्य मान राखावा. खाजगीपणा येथे रद्द केलेला नाही. एकाचे घर हे दुसरीचे कामाचे ठिकाण असू शकते, एवढेच मान्य केले आहे, आणि तेवढे मान्य व्हायला सामाजिक कराराच्या पहिल्या सिद्धान्तांपासून साडेतीनशे वर्षे लागली.

करार अमलात येण्यासाठी दोन देशांचे अनुमोदन पुरे होते. पहिले अनुमोदन उरुग्वेने दिले, दुसरे फिलिपिन्सने, आणि ५ सप्टेंबर २०१३ पासून तो लागू झाला. फिलिपिन्स हा घरकामासाठी स्त्रिया बाहेर पाठवणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक आहे. ज्या आखाती देशांत या स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात त्यांपैकी एकानेही करार स्वीकारलेला नाही, आणि अनुमोदन देणाऱ्या देशांची एकूण संख्या अजून पन्नाशीलाही पोहोचलेली नाही. फिलिपिन्सच्या २००३ च्या कायद्यानुसार परदेशी असलेल्या नागरिकांना मायदेशीच्या राष्ट्रीय निवडणुकांत मत देता येते. पण परदेशी घरकाम करणाऱ्या फिलिपिनी स्त्रीचे कामाचे तास, तिचा पगार आणि तिचा पासपोर्ट यांविषयीचा कायदा ती मत देते त्या देशात होत नाही, आणि जेथे तो होतो तेथे तिला मत नाही.